मातेच्या सुटकेसाठी निघालेला गरुड

प्राथमिक शाळेतील मुलांना प्राण्यांच्या गोष्टींची ओढ असते, हे प्रत्येक शिक्षकास अनुभवाने ठाऊक आहे. बदलापूरच्या पश्चिम भागातील मांजर्लीचे नाव फळ्यावर लिहिले, तर पहिल्या इयत्तेतील एखादे मूल त्यात चटकन मांजर शोधून काढील. नावाची व्युत्पत्ती काहीही असो. प्राणी दिसला की बालमन जागे होते, एवढे मात्र निश्चित. हे जागे झालेले मन कोणत्या दिशेने न्यावयाचे, हे शिक्षकाच्या निवडीवर अवलंबून असते.

प्राणिकथांमध्ये एक प्रकार विशेष परिणामकारक आहे. आई किंवा वडील बंधनात पडले आहेत आणि त्यांचे पिलू त्यांना सोडविण्यासाठी घराबाहेर पडते, असे त्याचे स्वरूप असते. २००३ साली निघालेल्या ‘फाइंडिंग निमो’ या अमेरिकन चित्रपटात हीच कल्पना उलट बाजूने आली आहे. तेथे पकडून नेलेल्या पिलाच्या शोधार्थ पिता मासा समुद्र पालथा घालतो. आईवडिलांपासून ताटातूट होण्याची भीती ही लहान मुलाची सर्वांत मोठी भीती असते. गोष्टीत ती भीती समोर येते आणि शेवटी दूर होते. म्हणूनच मूल अशी गोष्ट श्वास रोखून ऐकते व पुनःपुन्हा मागते.

या प्रकारची आपल्याकडील सर्वांत प्राचीन व ठळक कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. ती गरुडाची कथा होय. पुष्कळ मुलांना गरुड केवळ विष्णूचे वाहन म्हणून माहीत असतो. तो दास्यात पडलेल्या आईचा मुलगा होता, हे त्यांच्या कानी पडलेले नसते.

कथेचा सारांश असा आहे. कश्यपाच्या कद्रू व विनता अशा दोन पत्नी होत्या. कद्रूने सहस्र नागपुत्र मागितले, तर विनतेने दोनच, परंतु अधिक पराक्रमी, पुत्र मागितले. कद्रूची अंडी आधी फुटली. विनतेला धीर धरवेना. तिने आपले एक अंडे वेळेपूर्वीच फोडले. आतून अर्धवट वाढलेला अरुण बाहेर आला. ‘तुला सवतीची दासी व्हावे लागेल, मात्र दुसऱ्या अंड्याच्या बाबतीत धीर धरलास, तर तोच पुत्र तुला सोडवील,’ असे सांगून तो सूर्याचा सारथी झाला. पुढे उच्चैःश्रवा नावाच्या शुभ्र अश्वाच्या शेपटीच्या रंगावरून दोघी बहिणींची पैज लागली. हरणारीने दासी व्हावे, असे ठरले. कद्रूने आपल्या पुत्रांना काळे केस होऊन शेपटीत शिरण्याची आज्ञा केली. शेपटीत काळे केस दिसले, विनता हरली आणि दासी झाली.

अशा स्थितीत गरुड जन्मास आला. नागांना पाठीवर वाहून नेण्याचे काम त्याच्या वाट्यास आले. एके दिवशी त्याने आईस विचारले, ‘यांची आज्ञा मी का पाळावी?’ आईने सारी हकीकत सांगितली. तेव्हा तो नागांकडे गेला व आमच्या मुक्तीचे मोल काय, असे त्याने विचारले. त्यांनी स्वर्गातील अमृत मागितले आणि गरुड निघाला. अमृताभोवती अग्नीचे कडे होते. त्याने नद्यांचे पाणी आणून ते विझविले. पुढे धारदार पात्यांचे फिरते चक्र होते. देह अगदी लहान करून तो आऱ्यांमधून आत शिरला. दोन भयंकर सर्प पहारा देत होते. त्यांच्या डोळ्यांत धूळ उडवून त्याने कुंभ उचलला. इंद्राने वज्र मारले, तेव्हा वज्राचा मान राखण्यासाठी त्याने आपले एक पीस खाली टाकले. पुढे दोघांचे सख्य झाले. ठरल्याप्रमाणे गरुडाने कुंभ दर्भावर ठेवला, आईची मुक्तता करून घेतली आणि नाग स्नानास गेले असता इंद्राने तो परत नेला.

ही कथा सांगताना पराक्रमाचे वर्णन रंगविणे सोपे असते. परंतु तिचे मर्म तीन लहान गोष्टींत आहे. पहिली गोष्ट ही की, गरुड प्रथम प्रश्न विचारतो. जन्मापासून जे चालत आले आहे ते असेच का, हा प्रश्न ज्याला पडला त्याच्या सुटकेस तेथेच आरंभ झाला. दुसरी गोष्ट, तो कोठे शक्ती वापरतो तर कोठे लहान होतो. प्रत्येक अडथळ्यावर त्याचा उपाय निराळा असतो. तिसरी गोष्ट, अमृत हाती असतानाही तो त्यातील थेंबभर पीत नाही. ज्या कामासाठी ते आणावयाचे, त्याच कामी ते लावावयाचे, हा त्याचा नियम होता. हा तिसरा मुद्दा उपदेश म्हणून सांगू नये. ‘तुम्ही असता तर काय केले असते?’ एवढेच विचारावे व मुलांना बोलू द्यावे.

या कथेच्या जोडीला महाराष्ट्रातच चित्रित झालेली दुसरी कथा घेता येईल. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात मातृपोषक जातकाची चित्रे आहेत. हे लेणे पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरले गेले. या कथेतील शुभ्र हत्ती आपल्या अंध आईचा सांभाळ करीत असतो. अरण्यात वाट चुकलेल्या एका मनुष्यास तो बाहेर काढून देतो आणि तोच मनुष्य राजास त्याचा ठावठिकाणा सांगतो. हत्ती पकडला जातो. परंतु राजवाड्यातील उत्तम चाऱ्यास तो तोंड लावीत नाही. अंध आई अरण्यात उपाशी आहे, हे कारण कळताच राजा त्यास मुक्त करतो. परत येऊन तो सोंडेने आईवर पाणी शिंपडतो, तेव्हा तिला प्रथम पाऊसच आला असे वाटते. येथे बंधनात पडतो तो मुलगा. तो शस्त्रही उचलत नाही. केवळ नकाराच्या बळावर तो सुटतो. पंचतंत्रातील चित्रग्रीव हा कपोतराजही याच मालिकेतला. सर्व कबुतरे एकदम उडून जाळ्यासह हिरण्यक उंदराकडे जातात आणि चित्रग्रीव आपले पाश सोडून आधी इतरांचे पाश कुरतडावयास सांगतो. या तीन कथा क्रमाने सांगितल्या, तर पराक्रम, निग्रह आणि सहकार्य असे सुटकेचे तीन मार्ग मुलांपुढे आपोआप उभे राहतात.

काही ठिकाणी शिक्षकाने सावध असावे. मूळ महाभारतात गरुड वाटेत निषादांना भक्ष्य करतो, असा भाग आहे. निषाद हे वनवासी लोक होते. ज्या वर्गात कातकरी व ठाकर मुले बसतात, तेथे हा भाग सांगितल्यास गोष्टीचा नायक त्यांचाच वैरी ठरेल. म्हणून प्राथमिक वर्गात तो गाळावा. दर्भ चाटल्यामुळे नागांच्या जिभा दुभंगल्या, हे कथेतील कारण कथा म्हणूनच सांगावे. साप दुभंगलेल्या जिभेने हवेतील गंधकण टिपतो व टाळूतील विशेष इंद्रियाद्वारे वास ओळखतो, ही माहिती त्याच तासाला जोडून द्यावी. भाताच्या खाचरातील धामण उंदीर खाऊन धान्य वाचविते. गोष्टीतील नागांचा राग मुलांनी तिच्यावर काढू नये.

आता अधिक गंभीर मुद्दा. ही कथा ऐकणाऱ्या काही मुलांना दास्य हा शब्द परका नसतो. ठाणे, रायगड व पालघर या जिल्ह्यांतील अनेक कातकरी कुटुंबे सुगी संपल्यावर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मालकाकडून आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत पाय मोकळा होत नाही, असा अनुभव त्यांतील पुष्कळांना आला आहे. हिशेबाची वही मालकाजवळ असते आणि आईवडिलांना ती वाचता येत नाही. काळे केस खरे की खोटे हे न तपासता विनतेने हार मानली. न वाचता अंगठा उठविणाऱ्याची स्थिती तिच्याहून वेगळी नसते. ‘कद्रूने लबाडी केली, मग विनता दासी का राहिली?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्यास गप्प करू नये. त्या दिवशीचा तो सर्वांत मोलाचा प्रश्न समजावा.

या प्रश्नाचे उत्तर आज कायद्यात आहे. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आहे आणि १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाने असे कर्जच रद्द ठरविले आहे. मुक्ततेची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असून जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. गरुडास आईसाठी अमृताचे मोल द्यावे लागले. आजच्या विनतेकडून कोणासही मोल मागता येत नाही. मात्र ही सुटका मुलाने करावयाची नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. गोष्ट ऐकून एखादे मूल आईबापांचे कर्ज फेडण्यासाठी शाळा सोडून भट्टीवर गेले, तर कथा उलटली असे म्हणावे लागेल. वेळेपूर्वी फोडलेल्या अंड्यातून अरुण अर्धवट बाहेर आला, याची आठवण अशा वेळी पालकांनाही करून देता येईल.

शिक्षकाच्या हाती असलेली कामे साधी आहेत. कुटुंब भट्टीवर निघण्यापूर्वी मुलास शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे तेथील जवळच्या शाळेत त्यास बसता येते. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळावयास हवा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणात अंगणवाडी नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा धडा आजही जुना झालेला नाही.

गोष्ट संपल्यावर मुलांना गरुडाचे चित्र काढावयास सांगावे. इंद्राच्या मानासाठी टाकलेले ते एक पीस कोण आठवणीने काढतो, ते पाहावे. मग ज्याची जागा काही दिवस रिकामी आहे, त्या मुलाच्या घरी एक चित्र घेऊन शिक्षकाने स्वतः जावे.