ओलावा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीत सकाळचे आठ वाजलेत. गुरुजींच्या अर्ध्या ओसरीवर कालच्या वेचणीचा कापूस पसरलाय, उरलेल्या अर्धीत गुरुजी बसलेत. मांडीवर पाट, पाटावर दोन वह्या. लांबडी सदराची, बारकी कवितेची.

मराठी शाळेतली नोकरी कधीच संपली. सदर चालू आहे. सीमेपलीकडे, नांदेडच्या एका दैनिकात दर रविवारी येतं. आता मोबाइलवर जातं, पूर्वी टपालानं जायचं. एकदा तिकडून पत्त्यात 'तामसा' लिहिलं गेलं आणि मानधनाची मनिऑर्डर हदगाव तालुक्यात फिरून आली. "काना तिकडं, वेलांटी इकडं," गुरुजी म्हणतात, "एका अक्षरात राज्य बदलतं बघा."

राज्य खरं बदललं ते १९५६ साली. तोवर किनवट नि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार वाटणीत ते तालुके तिकडे गेले, तामसी इकडे राहिली. घरातली मराठीही राहिली, पण शेजारी तेलुगू वाढली. आतून नात कपबशी सांभाळत येते, "ताता, चहा!" तेलुगूत ताता म्हणजे आजोबा, मराठीत तात म्हणजे बाप. "पोरीनं मला एका पिढीनं तरणं केलंय," म्हणत गुरुजी चहा बशीत ओततात.

मग बारकी वही उघडते. कविता आईवर आहे. ते वाचतात तेव्हा आवाज खाली येतो. 'ओलावा' शब्दापाशी थांबतात, चष्मा काढतात. मला कविता बेताचीच वाटते. त्यांचं गद्य कितीतरी खणखणीत आहे. पण हे त्यांच्या तोंडावर कोण सांगणार? मी बशीतली साय बाजूला करत बसतो.

तेवढ्यात शेजारचे एक शेतकरी दारातूनच बोलू लागतात. "गुरुजी, यंदा ओलाव्याचं लिवा. गाडी वापस केली माझी. मिशिन पंधरा दाखवते म्हणे!"

गुरुजी चष्मा लावतात, लांबडी वही ओढतात. कविता वाचणारा माणूस हाच का, असा प्रश्न पडावा इतक्या करड्या आवाजात विचारतात, "कापूस वेचला कधी? दवात?"

"मजूर सकाळीच येते ना, गुरुजी. दुपारी कोन थांबते?"

उत्तर जसंच्या तसं वहीत उतरतं. खाली आकडे येतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर गेला की सरकारी खरेदीच नाही. मग गाडी व्यापाऱ्याच्या दारात, तो म्हणेल त्या भावानं. दवाचं पाणी कापसात कसं मुरतं आणि मजुराला सकाळच का परवडते, हे गुरुजी चार वाक्यांत मांडतात. पाचवं वाक्य लिहून खोडतात. "हे भाषण झालं."

शेतकरी ओसरीवरचा कापूस मुठीत दाबून बघतात. "हा बी ओलाच हाय की, गुरुजी."

"म्हणून तर वाळत घातलाय."

लेखाला शीर्षक राहिलंय. गुरुजी बारक्या वहीकडे बघतात, मग लांबडीच्या माथ्यावर लिहितात, 'ओलावा'. कवितेतला तो शब्द आडव्या रेघेनं खोडतात. तिथं दुसरा काही घालत नाहीत.

नात पानाचा फोटो काढून नांदेडला पाठवते. रविवारी छापून येईल. तामसीत तो अंक येत नाही.