मोटारीचा श्वास आणि इंधनाची बचत

पेट्रोल व डिझेल ज्या खनिज तेलापासून तयार होते, त्याचा फार मोठा भाग भारताला परदेशातून विकत घ्यावा लागतो. त्यामुळे इंधनाची बचत हा जसा कुटुंबाच्या खर्चाचा प्रश्न आहे, तसाच तो राष्ट्राच्या तिजोरीचाही आहे. बचतीच्या या इच्छेवर विसंबून बाजारात अनेक उपकरणे विकली जातात. मोटारीच्या मूळ एअर फिल्टरच्या व नळीच्या जागी बसवावयाचा शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि रुंद नळी हा त्यांपैकीच एक प्रकार होय. इंजिनाला मोकळा श्वास मिळाला की गाडीचे ॲव्हरेज वाढते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हवेचे गणित

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो भरते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळताना इंजिन जवळजवळ ११ किलो, अर्थात सुमारे नऊ हजार लिटर हवा आत ओढते. एवढी हवा खेचण्यास श्रम पडतात, तेव्हा वाट मोकळी केल्यास श्रम व इंधन वाचेल, हा तर्क प्रथमदर्शनी पटण्याजोगा वाटतो.

तथापि पेट्रोल इंजिनाचा वेग कमीजास्त होतो तो मुळी हवा अडवून किंवा सोडून. पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला की हवेच्या वाटेवरील थ्रॉटल नावाची झडप उघडते. पाय उचलला की ती मिटते. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने गाडी चालते तेव्हा ही झडप बरीचशी मिटलेलीच असते. पाटाचे दार अर्धवट बंद असताना दाराच्या वरच्या बाजूचा पाट रुंद केला, तर शेतात अधिक पाणी येत नाही. त्याचप्रमाणे, खरा अडसर थ्रॉटलचा असताना त्याच्या अलीकडची नळी रुंद केल्याने नित्याच्या प्रवासात फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, आजच्या मोटारीत आत येणाऱ्या हवेचे प्रमाण संवेदकांच्या साहाय्याने क्षणोक्षणी मोजले जाते व संगणक त्या प्रमाणात पेट्रोलची फवारणी करतो. हवा अधिक आली तर पेट्रोलही अधिक सोडले जाते. यातून मिळते ती शक्ती, बचत नव्हे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून घाट चढताना थोडा जोर वाढल्याचा अनुभव येऊ शकेल, पण तेवढा वेळ इंधनही अधिक जळते. थंड हवा आत घेणाऱ्या नळ्यांचेही तसेच आहे. हवेचे तापमान दहा अंशांनी उतरले तर तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढते; परंतु तोच वेग राखण्यासाठी थ्रॉटल मग तेवढाच अधिक मिटावा लागतो.

डिझेल इंजिनात वेगनियंत्रणासाठी हवा अशी अडविली जात नाही. तेथे ज्वलनास लागते त्यापेक्षा अधिक हवा बहुधा उपलब्ध असते. त्यामुळे मूळ फिल्टर स्वच्छ असेल तर आणखी मोकळी वाट करून देण्याने विशेष काही साधत नाही. फिल्टर फारच चोंदला तर मात्र जोर कमी होऊन काळा धूर वाढतो.

प्रयोगांचा निष्कर्ष

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविणाऱ्या उपकरणांना जगभर ऊत आला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभरांहून अधिक उपकरणांचा विचार केला. त्यांपैकी फारच थोड्यांनी, आणि तीही अल्पशी, बचत दाखविली. काहींनी तर धुरातील प्रदूषण वाढविले.

त्या देशातील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक बोलका आहे. तेथे इंधन फवारणी पद्धतीच्या आधुनिक पेट्रोल मोटारींचे एअर फिल्टर मुद्दाम चोंदविण्यात आले. तरीही इंधनाच्या खपात लक्षणीय फरक आढळला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र ६ ते ११ टक्क्यांनी बदलली. चोंदलेल्या फिल्टरने जेथे ॲव्हरेज घटत नाही, तेथे चांगल्या फिल्टरच्या जागी अधिक मोकळा फिल्टर बसवून ते वाढेल कसे?

मग हा समज रूढ कसा झाला? कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत फिल्टर चोंदला की हवा कमी पडून पेट्रोल वाया जात असे. अशा गाडीत नवा फिल्टर घातल्यास २ ते ६ टक्के बचत होऊ शकते. जुन्या यंत्राचा हा अनुभव नव्या यंत्रालाही लागू आहे, असे गृहीत धरले गेले.

लाभाऐवजी हानी

मूळ फिल्टरचे पहिले काम धूळ अडविण्याचे आहे. कच्च्या रस्त्यांवर आणि उसाच्या किंवा मुरमाच्या वाहतुकीमागून धावणाऱ्या गाडीच्या वाट्याला धूळ भरपूर येते. सैल विणीच्या फिल्टरमधून ती आत गेल्यास सिलिंडरची झीज होते. काही फिल्टरना तेल लावावे लागते. ते प्रमाणाबाहेर झाल्यास हवा मोजणाऱ्या संवेदकावर बसून त्याचे माप चुकते.

पावसाळ्यातील धोका याहून गंभीर आहे. थंड हवेसाठी नळीचे तोंड खाली, बंपरजवळ नेलेले असेल, तर फरशी पुलावरील किंवा तुंबलेल्या रस्त्यावरील पाणी इंजिनात ओढले जाते. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. परिणामी कनेक्टिंग रॉड वाकून इंजिन निकामी होऊ शकते. काही रुपयांच्या पेट्रोलसाठी हजारो रुपयांची दुरुस्ती ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

खरी बचत

नवा फिल्टर बसविल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, चालक काही दिवस जपून गाडी चालवितो, आणि फरक पडल्याचा भास होतो. खातरजमा करावयाची तर टाकी पूर्ण भरण्यापासून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतची नोंद, त्याच मार्गावर व तितक्याच भाराने, अनेक वेळा ठेवावी. नंतर मूळ फिल्टर परत बसवून पुन्हा मोजावे. कार्यालयीन वाहनांचे लॉगबुक काटेकोर ठेवले असल्यास हे काम अवघड नाही. शाळेतील विद्यार्थ्यांसाठीही सरासरीचा हा उत्तम धडा ठरेल.

इंधन खरोखर वाचते ते साध्या सवयींनी. एकाएकी वेग वाढविणे व करकचून ब्रेक लावणे टाळल्यास, अमेरिकी ऊर्जा विभागाच्या अनुमानानुसार, शहरी वाहतुकीत १० ते ४० टक्क्यांपर्यंत फरक पडतो. टायरमधील हवेचा दाब योग्य राखल्यास सरासरी ०.६ टक्के, तर काही प्रसंगी ३ टक्क्यांपर्यंत बचत होते. १९७८ मध्ये स्थापन झालेली पीसीआरए ही केंद्र शासनाची पेट्रोलियम बचतविषयक संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करते. अनावश्यक ओझे उतरविणे, उभ्या गाडीचे इंजिन बंद करणे आणि कारखान्याने नेमून दिलेला फिल्टर वेळेवर बदलणे, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. मोटारीचा श्वास स्वच्छ असावा, हे खरेच. परंतु इंधनाची बचत प्रामुख्याने चालकाच्या पायातच असते.