स्वादुपिंडदाह : रुग्णालयांच्या दप्तरातील नोंद

तीव्र स्वादुपिंडदाह, म्हणजे अन्न पचविण्यासाठी निर्माण झालेल्या रसांनी आपल्या जन्मदात्या ग्रंथीचाच दाह आरंभावा अशी ही भयंकर व्याधी, अमेरिकेतील रुग्णालयांवर केवढा भार टाकते याची कल्पना २००९ सालच्या दप्तरावरून येते : त्या एका वर्षात या निदानाचे सुमारे २,७४,००० रुग्ण दाखल झाले, पचनसंस्थेच्या अन्य कोणत्याही विकारापेक्षा ही संख्या अधिक भरली, आणि खर्च अडीच अब्ज डॉलरांच्या वर गेला. पित्ताशयातील खडे आणि मद्य ही दोन प्रमुख कारणे. बहुसंख्य रुग्ण सुदैवाने थोड्या दिवसांत सावरतात; परंतु ज्यांचे मूत्रपिंड, फुप्फुस वा रक्ताभिसरण ४८ तासांहून अधिक काळ निकामी राहते, ज्यांना २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणाने ‘गंभीर’ ठरविले, त्या थोडक्यांच्या शुश्रूषेसाठी अतिदक्षता विभागातील खाटा आठवडेच्या आठवडे अडून राहतात, आणि माझ्या मते तेथे पैशाचा हिशेब आड येता कामा नये. खड्यांमुळे झालेला दाह सौम्य असेल, तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकणे इष्ट. लांबणीवर टाकल्यास पुन्हा दाखल होण्याचा धोका वाढतो. पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी असह्य कळ उठल्यास वाचकांनी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.