तद्विद्यसंभाषा आणि संगणकीय चर्चा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पहिल्या दोन उपायांची सोय महाविद्यालयाचे वेळापत्रकच करून देते. तिसऱ्या उपायाला त्यात क्वचितच जागा मिळते. ६० किंवा १०० विद्यार्थ्यांच्या वर्गात तासाच्या शेवटी 'काही शंका?' असे विचारले जाते, पुढच्या बाकावरील दोघे-तिघे बोलतात आणि घंटा होते. उरलेल्यांची शंका त्यांच्यापाशीच राहते. पुढे चिकित्सालयात रुग्णासमोर बसल्यावर ती वर येते, तेव्हा विचारण्यास जवळ कोणी नसते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर अध्यापन पडद्यावर आले आणि प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट तयार झाला. हे गट आजही चालू आहेत. परंतु त्यांवर बहुधा टिपणांच्या फाइली, परीक्षेचे वेळापत्रक आणि 'महत्त्वाचे प्रश्न' यांचीच देवाणघेवाण होते. साधन हाती आले, संभाषा मात्र घडली नाही. असे का व्हावे, आणि ती घडविण्यासाठी काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संभाषेचे नियम

आचार्यांनी संभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार मानले आहेत. संधाय संभाषा ज्ञानी, न रागावणाऱ्या, असूयारहित व्यक्तीशी करावयाची. तीत निःशंकपणे विचारावे, विचारल्यास स्पष्ट सांगावे, पराभवाचे भय धरू नये आणि दुसऱ्याला निरुत्तर केल्याचा आनंदही मानू नये, असा उपदेश आहे. सभेचीही परीक्षा सांगितली आहे : ती ज्ञानवती की मूढ, सुहृद, उदासीन की प्रतिनिविष्ट, हे आधी पाहावे.

सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायातील रससंख्येची चर्चा या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. भद्रकाप्य एक रस मानतात, शाकुन्तेय दोन, पूर्णाक्ष मौद्गल्य तीन; असे करीत करीत कांकायन रस असंख्य असल्याचे सांगतात. पुनर्वसु आत्रेय सर्वांचे ऐकून घेतात आणि मग सहा रसांचा सिद्धान्त कारणांसह मांडतात. खोडून काढलेली मतेही संहितेने जपून ठेवली, म्हणूनच सिद्धान्तापर्यंतचा मार्ग आज आपल्याला दिसतो.

आधुनिक प्रयत्न

कॅनडातील टोरोंटो येथे मार्लीन स्कार्डामालिया आणि कार्ल बेराइटर यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या लेखी सामूहिक चर्चेसाठी एक संगणकप्रणाली विकसित केली. तिचेच पुढचे रूप 'नॉलेज फोरम' या नावाने ओळखले जाते. तीत विद्यार्थ्याला आपले म्हणणे कोणत्या प्रकारचे आहे ते निवडून लिहिता येते : माझा सिद्धान्त, मला समजून घ्यावयाचे आहे, नवी माहिती, हा सिद्धान्त अमुक गोष्ट स्पष्ट करू शकत नाही, अधिक चांगला सिद्धान्त. वादमार्गातील प्रतिज्ञा, हेतू, दृष्टान्त, उपनय आणि निगमन जाणणाऱ्या वैद्याला ही मांडणी अपरिचित वाटणार नाही. बोलणाऱ्याने आपण प्रतिज्ञा करीत आहोत की हेतू देत आहोत, हे जाणून बोलावे, हा दोन्हींचा आग्रह आहे.

मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये उपलब्ध करून दिलेली 'मूडल' ही विनामूल्य प्रणाली आज अनेक शिक्षणसंस्थांत वापरली जाते. तीत एका प्रश्नाखाली त्याचीच उत्तरे राहतात. व्हॉट्सअ‍ॅपप्रमाणे एका विषयाचा धागा दुसऱ्या विषयाच्या गर्दीत हरवत नाही. तिच्यातील एका चर्चाप्रकारात विद्यार्थी स्वतःचे उत्तर लिहीपर्यंत त्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत. ही सोय आम्हाला फार मोलाची वाटते. हुशार विद्यार्थ्याचे उत्तर वाचून मान डोलावण्याची वाटच तीमुळे बंद होते.

एक उदाहरण

समजा, पुढील रुग्णवृत्त चर्चेस दिले : बेचाळीस वर्षांची स्त्री, सांध्यांत शूल व शोथ, सकाळी स्तब्धता अधिक, अरुची, अंगगौरव. एक विद्यार्थी 'संधिगतवात' अशी प्रतिज्ञा करतो आणि शूल-शोथ हा हेतू देतो. दुसरी विद्यार्थिनी विचारते, की मग अरुची आणि गौरव यांची संगती कशी लावावी? जिव्हा साम आहे का? तेल लावल्यावर वेदना वाढते का? तिसरा वातरक्ताची शंका घेतो आणि आरंभ हातापायांच्या लहान सांध्यांपासून झाला का, त्वचेचा वर्ण बदलला का, हे विचारतो. अशा प्रश्नोत्तरांतून गट आमवाताकडे वळतो आणि स्नेहनाआधी लंघन, दीपन व रूक्ष स्वेद का, याचे कारण विद्यार्थ्यांना स्वतःच मांडावे लागते. 'आमवातात आरंभी स्नेहन नको' हे वाक्य टिपणात वाचणे आणि स्वतःची चुकलेली प्रतिज्ञा सोडून तेथवर पोहोचणे, यांत मोठे अंतर आहे. व्यवसायात दुसऱ्या प्रकारे मिळविलेले ज्ञानच हाताशी राहते.

लेखी चर्चेचा आणखी एक लाभ आहे. वर्गात संकोचणारा विद्यार्थी, विशेषतः मराठी माध्यमातून आलेला, येथे सावकाश विचार करून, ग्रंथ उघडून, आपल्या भाषेत लिहू शकतो.

दक्षता

साधन कोणतेही असो, आत्रेयांची भूमिका कोणीतरी घ्यावीच लागते. अध्यापकाने आरंभीच उत्तर सांगितले तर चर्चा संपते. त्याने मुळीच लक्ष घातले नाही तर ती भरकटते किंवा विगृह्य संभाषेचे रूप घेते. मधे नेमका प्रश्न विचारणे आणि शेवटी निगमन करणे हे त्याचे काम. गट आठ-दहा जणांचा असावा, म्हणजे उदासीन सभासदाला लपण्यास जागा उरत नाही. संदर्भ देताना स्थान व अध्याय लिहिण्याचा दंडक असावा. हैदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या ई-संहितांमुळे मूळ पाठ तपासणे आता सुलभ झाले आहे.

रुग्णाची गोपनीयता हा सर्वांत गंभीर विषय होय. नाव, नोंदणी क्रमांक आणि ओळख पटेल असे छायाचित्र चर्चेत कदापि येऊ नये. रुग्णाची संमती घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने संमत केला. तथापि कायदा नसता तरी वैद्याचे हे कर्तव्य टळले नसते.

अध्यापक असलेल्या वैद्यबंधुभगिनींना आमची नम्र सूचना एवढीच, की पंधरा दिवसांतून एक रुग्णवृत्त आणि एक छोटा गट एवढ्यावर आरंभ करावा. चुकीच्या प्रतिज्ञाही पुसून टाकू नयेत. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना त्याच सर्वाधिक शिकवतील.