मोबाईलवरची ‘लाईव्ह’ मॅच मागे का पडते? आणि त्या अर्ध्या मिनिटात पैसे कुणाचे जातात?

क्रिकेटचा हंगाम सुरू झाला की गावोगावी एक तक्रार हमखास ऐकू येते. आपल्या मोबाईलवर बॉलर अजून रनअपला निघालेला असतो आणि पलीकडच्या आळीतून आरडाओरडा येतो, ‘गेला रे गेला!’ म्हणजे विकेट पडली हे बघायच्या आधीच कळलं. मग आपण रेंजला शिव्या देतो, सिमकार्ड कंपनीला देतो, नाहीतर पोराला म्हणतो, ‘तुझा मोबाईलच जुना झालाय.’

खरं तर दोष यातल्या कुणाचाच नसतो, किंवा अगदी थोडा असतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘लाईव्ह’ लिहिलेलं असलं, तरी आपण जे बघतो ते थोड्या वेळापूर्वी घडून गेलेलं असतं. करमणुकीपुरतं बघितलं तर यात काही बिघडत नाही. पण त्यावर कुणी पैसे लावत असेल, तर हाच उशीर खिशाला मोठं भोक पाडतो. म्हणून हे गणित नीट समजून घ्यायला हवं.

मैदानातून घरापर्यंतचा प्रवास

मैदानातल्या सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं आधी बाहेर उभ्या असलेल्या प्रसारणाच्या गाडीत जातात. कुठलं चित्र दाखवायचं, रिप्ले कधी लावायचा, स्कोअरची पट्टी कशी दिसेल हे तिथे ठरतं. तिथून ते चॅनेलच्या केंद्रात जातं. मग टीव्हीसाठी सॅटेलाइटकडे पाठवलं जातं आणि तिथून खाली आपल्या छतावरच्या डिशमध्ये येतं.

हा सॅटेलाइट जमिनीपासून जवळपास ३६,००० किलोमीटर उंच असतो. पण सिग्नल प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. त्यामुळे वर जाऊन खाली यायला त्याला जेमतेम पाव सेकंद लागतो. डिशवाल्या टीव्हीला जो काही सेकंदांचा उशीर होतो, तो मुख्यतः चित्र दाबून लहान करायला आणि घरच्या बॉक्समध्ये परत उलगडायला.

मोबाईलचा रस्ता मात्र वेगळा आहे. पाटाचं पाणी आणि टँकरचं पाणी आठवा. पाटाला पाणी सोडलं की ते सलग वाहत येतं. डिशचं तसंच आहे. टँकरचं तसं नसतं. आधी टँकर पूर्ण भरावा लागतो, मग तो निघतो, गावच्या टाकीत रिकामा होतो आणि तिथून आपण हंडे भरून आणतो. घरातलं पाणी मध्येच संपू नये म्हणून दोन हंडे भरून बाजूला ठेवतो, ते वेगळंच.

मोबाईलवरच्या मॅचचे असेच काही सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा आधी पूर्ण तयार व्हावा लागतो. तोही एकाच प्रकारचा नसतो. चांगल्या नेटवाल्यासाठी स्वच्छ, कमी नेटवाल्यासाठी धूसर, अशा तीनचार प्रती बनतात. मग हे तुकडे देशभरातल्या मोठ्या मोठ्या कॉम्प्युटरांवर ठेवले जातात, कारण सगळे एकाच जागेवर तुटून पडले तर सगळंच बंद पडेल. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला वर्ल्डकपची फायनल झाली, तेव्हा एकाच वेळी ५ कोटी ९० लाखांपर्यंत लोक हॉटस्टारवर मॅच बघत होते. एवढ्यांना एकाच टाकीतून पाणी देणं शक्यच नाही.

शेवटी आपला मोबाईल दोनतीन तुकडे आधी साठवून घेतो आणि मग दाखवायला लागतो. मध्येच रेंज गेली तरी चित्र थांबू नये म्हणून ही सोय असते. हे सगळं मिळून मोबाईल मैदानाच्या मागे साधारण २० ते ४० सेकंद पडतो. कधी त्याहून जास्तही.

फुल्ल रेंज असूनही फरक का?

टॉवरपासून मोबाईलपर्यंत यायला लागणारा वेळ या सगळ्यात फारच थोडा असतो. वेळ जातो तुकडे तयार करण्यात आणि साठवण्यात. त्यामुळे ५जी आलं म्हणून मॅच लगेच पुढे येत नाही. ५जीमुळे चित्र स्वच्छ दिसेल, अडकणार नाही, एवढंच.

एकाच पारावर बसलेल्या दोघांच्या मोबाईलवरही फरक पडतो. एकाची मॅच मध्येच गोल गोल फिरत थांबली की सुरू होताना ती बहुधा थांबलेल्या जागेवरूनच सुरू होते. दोनचार वेळा असं झालं की तो गडी मिनिटभर मागे गेलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

स्कोअरचं ॲप मात्र पुढे असतं. तिथे चित्र नसतं, नुसते आकडे असतात. दोनचार अक्षरं पाठवायला तुकडे पाडावे लागत नाहीत. म्हणूनच व्हिडिओत चेंडू हवेत असतानाच वरून नोटिफिकेशन पडतं, ‘सिक्स!’

मजा घालवायची नसेल तर

मॅच बघताना स्कोअर ॲपचं नोटिफिकेशन बंद ठेवा आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप म्यूट करा. चित्र अडकून पुन्हा सुरू झालं तर स्क्रीनवरच्या ‘लाईव्ह’वर दाबा, म्हणजे ते पुढे येईल. संध्याकाळी सगळं गाव नेटवर असतं आणि टॉवरवर ताण येतो. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणा. उशीर कमी होणार नाही, पण अडकणं कमी होईल आणि डेटाही वाचेल.

घरी फ्री डिश असेल तर भारताचे बरेच महत्त्वाचे सामने डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रसारण प्रसार भारतीला द्यावं लागेल, असा कायदाच २००७ साली झाला आहे. तिथे उशीर कमी आणि डेटा शून्य.

आता खरा मुद्दा

टी-ट्वेंटीची एक इनिंग साधारण दीड तास चालते. म्हणजे १२० चेंडूंना ९० मिनिटं. एका चेंडूला पाऊण मिनिट आलं. आपला मोबाईल अर्धा मिनिट मागे असेल, तर आपण जो चेंडू पडायची वाट बघतोय, तो मैदानात बहुतेक वेळा पडून गेलेला असतो.

आता कुणी म्हणालं, ‘पुढच्या चेंडूवर चौकार जाईल का, लाव शंभर’, तर हा खेळ कुणाच्या बाजूने आहे? समोरच्याकडे मैदानातून थेट खबर असेल, तर निकाल आधीच त्याच्या हातात असतो. मैदानात माणूस बसवून फोनवरून अशी खबर काढण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. २०२१ च्या आयपीएलमध्ये दिल्लीच्या मैदानावर एका सफाई कामगाराला हाताशी धरून असा प्रयत्न झाल्याचं बीसीसीआयच्या भ्रष्टाचारविरोधी पथकाच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं. गावातला पोरगा मात्र डोळे फाडून मोबाईलकडे बघत असतो आणि त्याला वाटतं, आपण क्रिकेट ओळखतो म्हणून जिंकू.

कधी कधी तर मॅचच खोटी असते. २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात पोलिसांनी एक बनावट ‘आयपीएल’ पकडली. शेतात मैदान तयार केलं होतं. शेतमजूर आणि बेरोजगार पोरांना मॅचमागे ४०० रुपये देऊन मोठ्या संघांच्या जर्सी घालून खेळवत होते. कॅमेरे, दिवे, समालोचकाचा नकली आवाज, इंटरनेटवरून घेतलेला गर्दीचा गोंगाट, सगळं होतं आणि ते यूट्यूबवर दाखवलं जात होतं. पैसे लावणारे होते रशियात. कुठला चेंडू कसा खेळायचा याचे इशारे वॉकी-टॉकीवरून अंपायरला यायचे. तिकडच्या लोकांनी स्क्रीनवर ‘लाईव्ह’ बघितलं आणि विश्वास ठेवला.

कायदा काय म्हणतो?

केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाईन खेळांवर बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करण्यासाठी नाही, असं सरकारने सांगितलं आहे. पण म्हणून सट्टा माफ झाला असं समजू नका. महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आहेच.

बंदीनंतरही टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरून लिंक फिरतात. त्यांची पद्धत ठरलेली असते. सुरुवातीला शंभराचे दोनशे झालेले दिसतात. मोठी रक्कम लावली आणि काढायला गेलं की म्हणतात, ‘आधी टॅक्स भरा.’ तो भरला की नंबर बंद.

याहून मोठा धोका खातं भाड्याने देण्यात आहे. ‘तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला इतके हजार देतो’, असं सांगून पोरांची खाती घेतात आणि फसवणुकीचा पैसा त्यातून फिरवतात. तपास सुरू झाला की पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात, कारण कागदावर नाव त्याचंच असतं. खातं गोठलं की त्याच खात्यात येणारे पीएम किसानचे पैसे, पीकविम्याची रक्कम, सगळंच अडकून बसतं.

फसलात तर काय कराल?

लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी थांबवण्याची शक्यता जास्त. पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज, व्यवहाराचा नंबर आणि समोरच्याचा मोबाईल नंबर जवळ ठेवा. चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे. बँकेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही कळवा.

घरात कॉलेजची पोरं असतील तर त्यांना हे अर्ध्या मिनिटाचं गणित एकदा समजावून सांगा. एका मोबाईलवर मॅच, दुसऱ्यावर स्कोअर ॲप लावा आणि शेजारी शेजारी ठेवा. दोन ओव्हरमध्ये फरक डोळ्यांनी दिसेल. ओरडून जे पटणार नाही, ते यातून पटेल.