सागरी सूक्ष्मशैवालांवर दुहेरी संकट

वाशिम - पाण्याच्या टाक्यात शेवाळ माजले, की थोडे मोरचूद टाकले जाते आणि काही दिवसांत शेवाळ मरते. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. हेच तांबे, तसेच कॅडमियम, शिसे, पारा हे धातू सांडपाण्यातून आणि जहाजांच्या तळाला लावलेल्या रंगातून समुद्रात उतरतात, तेव्हा तेथील सूक्ष्मशैवालांचे काय होते? आणि त्यातच पाणी तापू लागले तर?

डोळ्यांना न दिसणारे हे जीव पृथ्वीवरील सुमारे निम्मे प्रकाशसंश्लेषण करतात. तारलीसारख्या माशांचे तर ते थेट अन्न आहे.

तांबे, जस्त, लोह हे धातू शैवालांना अत्यल्प प्रमाणात आवश्यकच असतात. तांब्याची मात्रा वाढली, की ते हरितद्रव्यातील मॅग्नेशियमची जागा बळकावते व विकरांचे कार्य बिघडवते. पाणी तापल्यास पेशीतील क्रिया वेग घेतात; धातू आत शिरण्याचा वेगही वाढू शकतो. श्वसनात अधिक अन्न खर्ची पडून पेशीच्या दुरुस्तीला शक्ती अपुरी पडते.

मात्र, सर्व जातींवर सारखा परिणाम होत नाही. उष्णता सोसण्याच्या मर्यादेत असेल, तर काही जाती वेगाने वाढून धातूला तोंडही देतात. मर्यादा ओलांडली, की पूर्वी सोसलेली मात्राच घातक ठरते. त्यामुळे सोशिक जाती फोफावतात, नाजूक जाती घटतात आणि माशांचे अन्न बदलते. थंड पाण्यात ठरविलेली धातूची 'सुरक्षित' मर्यादा उष्ण पाण्यात सुरक्षित राहीलच, असे नाही.

हिंदी महासागर वेगाने तापत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती-प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले. वरचा थर तापल्याने खालची पोषकद्रव्ये वर येईनाशी होतात, हे त्याचे कारण. धातूंचा ताण यात धरलेला नाही.

समुद्रापासून दूर असलेल्या वाशिमचे पाणीही अखेर समुद्रालाच मिळते. काटेपूर्णा पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राकडे जाते, तर पैनगंगा वर्धा, प्राणहिता व गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे. संत्रा बागांतील बोर्डो मिश्रणाचे तांबे बहुतांशी मातीतच राहते. परंतु माती वाहून गेली, तर तेही तिच्यासोबत जाते. समुद्राचे तापमान एका जिल्ह्याला रोखता येणार नाही. धातू मात्र उगमापाशीच अडविता येतो. दोन संकटांपैकी निदान एक आपल्या हाती आहे.