ड्रम मशीनवर केरवा कसा बसवतात? १६ बटणं आणि एक 'खाली'

वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवी इथं ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्याच्या नावातच 'नंगारा' आहे. नंगाऱ्यावर ताल वादकाच्या हातात असतो. पण ड्रम मशीनवर तो आधी लिहावा लागतो. हे नेमकं कसं होतं?

रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे मशीन १९८० मध्ये आलं. त्यावर ओळीनं १६ बटणं असतात. प्रत्येक बटण म्हणजे एक 'स्टेप'. आधी आवाज निवडायचा, मग तो जिथं हवा ती बटणं दाबायची. दिवा डावीकडून उजवीकडे धावतो आणि तोच ताल पुन्हा पुन्हा वाजत राहतो. टेम्पो १२० ठेवला, तर १६ स्टेपचं एक आवर्तन २ सेकंदांत पूर्ण होतं. मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ च्या अल्बममध्ये याच मशीनच्या डिस्को ठेक्यावर १० राग वाजवले होते.

केरवा कसा बसवायचा?

भजनापासून वरातीपर्यंत ऐकू येणाऱ्या केरव्याच्या मात्रा ८. म्हणजे एका मात्रेला २ स्टेप. बोल असे: धा गे ना ती, न क धी ना.

• डग्ग्याचा घुमारा धा, गे आणि धी या बोलांत असतो. म्हणून 'किक' १, ३ आणि १३ वर.
• तबल्याच्या चाटेसाठी काँगासारखा टणक आवाज १, ५, ७, ९, १३ आणि १५ वर.
• 'क' हा बंद बोल. त्यासाठी छोटा, कोरडा आवाज ११ वर.

चूक कुठे होते?

डिस्कोच्या सवयीनं अनेकजण किक १, ५, ९ आणि १३ वर टाकतात. पण पाचवी मात्रा, म्हणजे नववी स्टेप, ही केरव्याची 'खाली'. तिथं डग्गा गप्प असतो. त्या जागी किक वाजली की समेचा फरकच मिटतो आणि ठेका सपाट होतो.

दादरा ६ मात्रांचा, म्हणून आवर्तन १२ व्या स्टेपवर तोडायचं. शेवटी समेवर 'ॲक्सेंट' म्हणजे जोर द्यायचा आणि 'स्विंग' असेल तर किंचित वाढवायचा. त्यानं सम क्रमांकाच्या स्टेप जरा उशिरा वाजतात, पण वरच्या केरव्यात त्या सगळ्या रिकाम्या आहेत. म्हणून आधी तिथं एखादा हलका आवाज भरावा, तरच डोलणं जाणवेल.

मशीन सांगितलेलं सगळं वाजवतं. कुठं थांबायचं, हे मात्र बटण दाबणाऱ्यालाच ठरवावं लागतं.